टाटाच्या गेटबाहेरची माणसं

आमच्या महाड-पोलादपूरकडं कॅन्सरचं नाव कुणी पटकन घेत नाही. "टाटाला नेलाय" एवढं सांगितलं की ऐकणारा समजून जातो. पुढचं कुणी विचारत नाही, विचारलं तरी हळू आवाजात. एका हॉस्पिटलचं नाव आजाराचं नाव होऊन बसलंय.

त्या हॉस्पिटलचा इतिहास बऱ्याच जणांना थोडाफार माहीत असतो. त्याच्या गेटबाहेरचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. परळच्या त्या रस्त्यावर पेशंटला जेवण देणारे, झोपायला जागा देणारे, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन धावणारे कोण होते, कुठून आले, कशासाठी हे करत बसले? गेली वीस-बावीस वर्षं मी या दोन तालुक्यांत बातमीदारी करतोय. या काळात "भाऊ, टाटाला कुणी ओळखीचं आहे का?" हा फोन मला जितका आलाय तितका दुसरा कुठलाच आला नसेल. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी गेटच्या आतलं थोडक्यात.

सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले, तरी वाचल्या नाहीत. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, पण जाण्याआधी आपली संपत्ती त्यांनी ट्रस्टला देऊन टाकली होती. त्या पैशातून परळला हॉस्पिटल उभं राहिलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. सुरुवातीला खाटा होत्या ८० आणि वर्षाचं बजेट होतं सुमारे पाच लाख. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडं गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडं. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडं कसं, असं लोक विचारतात. किरणोपचार हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे त्या खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, आणि मेहरबाई त्यांच्या सख्ख्या आत्या.

आतला इतिहास इथं थांबवतो, कारण आपल्याकडच्या माणसाची खरी परीक्षा तिथं सुरू होत नाही. ती सुरू होते हिशेबापासून.

हिशेब बघा. किरणं द्यायची म्हणजे ज्याला आपण "शेक" म्हणतो ते. बऱ्याचदा आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. एका वेळी मशिनखाली जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. महाड ते परळ अंतर साधारण १७० किलोमीटर. महाड शहराला रेल्वे नाही, वीर नाही तर करंजाडी स्टेशन गाठायचं. तळीयेसारख्या डोंगरातल्या गावातून निघायचं तर महाडला पोचेपर्यंतच सकाळ निघून जाते. दहा मिनिटांच्या शेकासाठी रोज जाऊन-येऊन करणं माणसाला शक्य आहे का? नाही. म्हणजे दीड-दोन महिने मुंबईत राहायचं. पेशंट एक, सोबत निदान एक. राहायचं कुठं? खायचं काय? तेवढ्या दिवसांत गावाकडं भाताची लावणी कोण करणार, गुरं कोण बघणार?

सरकारी योजनेत ऑपरेशन बसतं, केमो बसते, शेक बसतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यात आपला रायगड होता. तीच योजना पुढं महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. तिच्यामुळं कितीतरी घरांच्या जमिनी वाचल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण दोन महिन्यांच्या भाड्याची, वडापावची आणि बुडालेल्या मजुरीची सोय त्या कार्डात नाही. माणूस उपचार सोडून गावाला परत येतो तो बहुतेक वेळा या पैशांपायी. डॉक्टरच्या बिलापायी येणारे त्या मानानं कमी.

एकेकाळी आपल्या लोकांकडं याला उत्तर होतं, आणि ते कुठल्या संस्थेनं दिलेलं नव्हतं. ते होतं गावकीच्या खोलीचं.

महाड-पोलादपूरचा पुरुष म्हणजे गिरणीत. आजोबा गिरणीत, काका गिरणीत, उरलेले गोदीत. लालबाग, परळ, शिवडी, चिंचपोकळीच्या चाळींत एकेका गावाची खोली असायची. दहा बाय बाराची खोली, तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पाळीप्रमाणं झोपायचं. रात्रपाळीवाला येईल तेव्हा दिवसपाळीवाला उठून गेलेला असायचा. जेवण खानावळीत, गिरणगावातल्याच एखाद्या बाईकडं. अशा खोलीत गावाकडचा आजारी माणूस आला तर कुणी पत्ता विचारत नसे. "तळीयेचा हाय ना? मग ये आत." त्याला भिंतीकडची जागा मिळायची. ज्याची पाळी नसेल तो त्याला घेऊन केईएमला किंवा टाटाला जायचा. टाटा हॉस्पिटल गिरणगावात उभं राहिलं हे आपल्या कोकणी माणसाचं नशीबच म्हणायचं. देशभरातल्या लोकांना परळ परकं होतं. आपल्याला ते घरच्यासारखं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर काय झालं ते वेगळं सांगायला नको. गिरण्या गेल्या, मग चाळी गेल्या, मग चाळींच्या जागी टॉवर आले. आपली माणसं नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवलीला गेली. बरीचशी गावाला परत आली. खोल्या विकल्या गेल्या नाही तर वादात अडकल्या. आज पेशंटला विरारच्या भाच्याकडं ठेवायचं म्हटलं तर केमो घेतलेल्या माणसाला विरार लोकलमधून न्यावं लागतं. सकाळची विरार लोकल ज्यांनी बघितलीय त्यांनी फक्त कल्पना करावी.

थोडक्यात, ज्या परळमध्ये आपण यजमान होतो, तिथं चाळीस वर्षांत आपण पाहुणे झालो. आणि पाहुण्याला दार उघडणारी माणसं तिथं आधीपासून होती. आपल्याला त्यांची गरज उशिरा लागली इतकंच.

त्या माणसांत मी पहिलं नाव घेईन गाडगेबाबांचं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट समाजात जन्मलेला, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेऊन फिरणारा माणूस. गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला ग्रामस्वच्छता आठवते, शाळेतलं चित्र आठवतं. पण त्यांनी आयुष्यभर जमवलेला पैसा कुठं घातला ते बघा. धर्मशाळांत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू ही तीर्थक्षेत्रं झाली. त्यासोबत मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळही धर्मशाळा झाली. म्हणजे वारकऱ्याला जशी उतरायला जागा लागते तशी पेशंटच्या नातेवाइकालाही लागते, हे या माणसाला कळलं होतं. हॉस्पिटल हे गरिबाचं नवं पंढरपूर आहे आणि तिथंही तो फुटपाथवरच झोपतो, हे ज्याला दिसलं त्यानं देव आणि दवाखाना यात फरक केला नाही.

२० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले. त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा पुढं दादर पूर्वेला उभी राहिली. टाटापासून जवळ. आज तिथं राहणाऱ्यांत मोठा भरणा टाटाच्या पेशंटचा आणि त्यांच्या माणसांचा असतो. अगदी नाममात्र पैशात जागा, जेवण. बिहारचा, बंगालचा, आसामचा आणि आपला, सगळे एकाच मजल्यावर.

महाडकरांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आपल्या महाडचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर कॉलेज चालवणारी तीच ही संस्था. ज्या गावात १९२७ ला तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या गावाला धर्मशाळेचा अर्थ समजावून सांगायला नको. कोण आहेस हे न विचारता आत घेणं, एवढाच तो अर्थ. बाबांनी इतक्या इमारती बांधल्या पण एकीवरही घरच्यांचा हक्क ठेवला नाही. आजच्या ट्रस्टींनी हे वाचलं तरी पुष्कळ झालं.

टाटाच्या समोरचा रस्ता डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचा आहे. आपण रोज तो पत्ता लिहितो, पण माणूस कोण ते माहीत नसतं. बोर्जेस हे मूळचे गोव्याचे, टाटातले नावाजलेले कॅन्सर सर्जन. त्यांच्या नावानं वांद्र्याला बोर्जेस मेमोरियल होम आहे, तिथं टाटाचे बाहेरगावचे पेशंट राहतात. सर्जनच्या नावानं पुतळा उभारता आला असता. लोकांनी राहायची जागा उभारली. पेशंटला काय कमी पडतं हे त्या काळच्या लोकांना नेमकं माहीत होतं, याचा हा पुरावा.

१९५१ मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटांनी इंडियन कॅन्सर सोसायटी काढली. देशातली पहिली कॅन्सर नोंदणी, म्हणजे एखाद्या शहरात किती जणांना कुठला कॅन्सर होतो याची रीतसर मोजणी, साठच्या दशकात मुंबईत याच संस्थेनं सुरू केली. बरं झालेल्यांना काम मिळावं म्हणून पुनर्वसन केंद्रही चालवलं.

१९६८ साली परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती सुरू झाली. नाना पालकर हे संघाचे प्रचारक, आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या मागं सहकाऱ्यांनी रुग्ण सेवा सदन उभं केलं. मुंबईबाहेरून येणाऱ्या पेशंटला आणि त्याच्या नातेवाइकाला अत्यल्प दरात राहायची सोय. केईएम, टाटा, वाडिया, सगळीकडचे पेशंट तिथं असतात. मी कुठल्या विचाराचा आहे हे माझ्या भिंतीवर येणाऱ्यांना माहीत आहे, त्यामुळं हे नाव बघून काही जणांच्या भुवया वर जातील. जाऊ द्या. आपल्या भागातला एक कट्टर विरोधी विचाराचा कार्यकर्ता मला म्हणाला होता, "तिथं माझ्या बायकोला सव्वा महिना ठेवलं, मला कुणी प्रार्थना म्हणायला लावली नाही." एवढं पुरेसं आहे.

आता हरखचंद सावलांची गोष्ट. ही तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचली असेल, दर दोन-तीन महिन्यांनी फिरते, दर वेळी आकडा वाढलेला असतो. फिरणारे आकडे सोडून द्या, मूळ गोष्ट तेवढीच मोठी आहे. टाटासमोरच्या फुटपाथवर बसलेले पेशंट बघून हा माणूस अस्वस्थ झाला, आपलं हॉटेल सोडलं आणि त्याच फुटपाथवर लोकांना जेवण द्यायला लागला. १९८३ मध्ये जीवन ज्योत ट्रस्ट झाला. आधी जेवण, मग लक्षात आलं की औषधं लागतात. एखाद्या पेशंटची औषधं बदलली किंवा पेशंट गेला तर घरी महागाची पाकिटं पडून राहतात. ती गोळा करून, तपासून, दुसऱ्या गरजूला द्यायची असं औषधांचं भांडार सुरू झालं. मग मुलांसाठी खेळणी.

१९८३ म्हणजे गिरणी संपाच्या पुढचंच वर्ष. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या काळात गिरणगावातल्या खानावळींच्या चुली विझत होत्या त्याच काळात शंभर-दोनशे पावलांवर कुणीतरी कॅन्सरच्या पेशंटसाठी चूल पेटवत होतं, हे मला विसरता येत नाही. हॉटेलवाल्याला ताटाची किंमत कळते. पाहुणा जेवून गेला की नाही हे तो चेहऱ्यावरून ओळखतो.

इथपर्यंतची माणसं अन्न आणि निवारा देणारी. पण या मंडळींनी कोर्टाची पायरीही चढली, ती गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

वाय. के. सप्रू यांनी १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन सुरू केली. तपासणी, औषधाला मदत, समुपदेशन, बरं झाल्यावर काम, असं सगळं मिळून काम करायचं हे त्यांचं धोरण. २००० नंतर एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर ग्लिव्हेक नावाची गोळी आली. खरोखर गुणकारी. रोज घ्यायची, वर्षानुवर्षं घ्यायची. नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च होता सुमारे एक लाख वीस हजार. भारतीय कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत बनवत होत्या. नोव्हार्टिसनं पेटंट मागितलं. मिळालं असतं तर स्वस्त गोळी बंद. सप्रूंच्या संस्थेनं पेटंट कार्यालयात हरकत घेतली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. कंपनी वर गेली, संस्थाही मागं हटली नाही. शेवटी १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला: जुन्याच औषधाचं थोडं बदललेलं रूप, त्याला पेटंट नाही.

हा निकाल जगभर गाजला. आफ्रिकेतल्या पेशंटच्या संघटनांनीही त्याचं स्वागत केलं, कारण भारतातली स्वस्त औषधं तिकडंही जातात. ज्या संस्थेचं रोजचं काम औषधाच्या पैशासाठी देणगी मागणं, तिनं विचार केला की देणगी किती मागणार? किंमतच खाली ठेवली तर? मदतीचं काम करणाऱ्यांनी हा प्रश्न जरूर विचारावा. ताट वाढणं हे पुण्य आहेच. ताट महाग कोण करतंय हे शोधणं हेही त्याच कामाचा भाग आहे.

१९८६ मध्ये टाटातलेच सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं. जे आता बरे होणार नाहीत त्यांच्यासाठी. देशातलं अशा प्रकारचं पहिलं घर, आणि मोफत. आपल्याकडं "डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं" म्हणजे सगळं संपलं. त्या घरी नेलेल्या माणसाच्या शेवटच्या दोन महिन्यांच्या वेदनेचं काय, हे विचारणारा एक डॉक्टर निघाला आणि नन्सनी ती सेवा अंगावर घेतली.

१९९४ मध्ये वंदना गुप्ता यांनी व्ही केअर फाउंडेशन काढलं. त्या स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या. बरा झालेला माणूस समोर येऊन बसला की पेशंटला जो धीर येतो तो डॉक्टरच्या दहा वाक्यांनी येत नाही. त्यांच्याकडचे बरेच स्वयंसेवक असेच, त्या रस्त्यावरून जाऊन आलेले.

२००६ मध्ये निहाल आणि श्यामा कविरत्ने या दांपत्यानं सेंट ज्यूड केंद्रं सुरू केली, लहान मुलांसाठी. मूल आणि आईबाप यांना स्वतंत्र जागा, स्वच्छ स्वयंपाकघर, शाळा. केमो चालू असताना मुलाला साधा जंतुसंसर्ग झाला तरी जिवावर बेततं, म्हणून स्वच्छ खोली हाही तिथं उपचाराचाच भाग. आज कॉटन ग्रीनला पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींत त्यांचं मोठं केंद्र आहे. ज्या गोदीत आपले आजे-पणजे गोणी उचलत होते त्याच परिसरात.

या सगळ्याचा उपयोग किती, हे विचारणाऱ्यांसाठी एक आकडा. २००९ च्या सुमारास टाटाच्या मुलांच्या विभागात येणाऱ्या साधारण दर पाच मुलांमागं एक उपचार नाकारून किंवा अर्धवट टाकून जात होतं. मग हॉस्पिटलनं आणि संस्थांनी मिळून राहणं, जेवण, पैसे, समुपदेशन, पाठपुरावा हे सगळं बांधून काढलं. काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आलं. डॉक्टर तेच, औषधं बहुतेक तीच. पोरं टिकली ती खोलीमुळं, भाकरीमुळं आणि "उद्या का आला नाहीत?" असा फोन करणाऱ्या माणसामुळं.

आता परत आपल्या डोंगरात येतो.

२२ जुलै २०२१. तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. तीसेक जणांचे मृतदेह हाती लागलेच नाहीत. त्याच दिवशी महाड शहर सावित्रीच्या पाण्यात होतं. तेव्हा मदत आली ती सगळ्यांनी बघितली. ट्रकच्या ट्रक. कपड्यांचे ढीग, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, नेते, कॅमेरे. त्यातली खरी माणसं किती आणि फोटोपुरती किती यावर मी तेव्हा लिहिलंय. मग गर्दी ओसरली. पक्की घरं मिळायला लोकांना वर्षानुवर्षं कंटेनरमध्ये काढावी लागली.

त्या आठवड्यातला एक फोन मी विसरलेलो नाही. चार-पाच दिवस झाले असतील, मी तळीयेच्या बातम्यांत होतो. पलीकडच्या खोऱ्यातला एक ओळखीचा पोरगा. "दादा, मुंबईचा रस्ता कधी चालू व्हनार? मंगळवारी आयेची केमो हाय." आजूबाजूला एवढा हाहाकार, आणि त्याला मंगळवार सुचतोय. त्याचं बरोबर होतं. केमोची तारीख दरडीसाठी थांबत नाही. मी चौकशी केली, कुठून कुठली गाडी जाते ते सांगितलं, तो आईला घेऊन गेला. दादरच्या धर्मशाळेत उतरला. तिथल्यांनी म्हणे त्याला आधी जेवायला घातलं, कागद नंतर मागितले.

तेव्हापासून मनात आहे ते हे. दरड एका दिवसात ऐंशी माणसं घेऊन जाते म्हणून ती बातमी होते. कॅन्सर एकेक घर उचलतो. आज या वाडीतलं, तीन महिन्यांनी त्या वाडीतलं. कधी मिशेरी लावणारी म्हातारी, कधी गुटखा खाणारा तिशीतला पोरगा, कधी दोन लेकरांची आई. त्याच्यासाठी ट्रक येत नाही. परळची ही माणसं ८० वर्षांपासून अशा एकेका घरासाठी उभी आहेत, कॅमेरा नसताना. पारशी उद्योगपती, परीट समाजातला संत, गोव्याचा ख्रिस्ती सर्जन, संघाचे कार्यकर्ते, हॉटेलवाला, वांद्र्याच्या नन्स. यांना एका मंचावर बसवलं तर एकमेकांशी किती पटेल सांगता येत नाही. पण पेशंटच्या पानात काय वाढायचं यावर त्यांचं कधी भांडण झालेलं नाही.

कौतुक इथं संपवतो. आता कडू बोलतो.

एक. संस्था आहेत म्हणून सरकारला सुट्टी नाही. २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये सांगितलं की तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर सेंटर होईल. चांगलं आहे. पण आपलं जिल्हा रुग्णालय अलिबागला. पोलादपूरहून अलिबाग किती जवळ आहे हे पोलादपूरकरांना विचारा. सोय महाडला हवी. साधी केमो, रक्ततपासणी, फॉलोअप एवढं जरी महाडला झालं तरी निम्म्या फेऱ्या वाचतील. ही मागणी आपण निवडणुकीत कुणाकडं केली? मी तरी ऐकली नाही.

दोन. आपल्याला सोयीच माहीत नाहीत. टाटाचंच खारघरचं केंद्र आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. खाली डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात टाटाच्या सहकार्यानं कॅन्सरचं काम चालतं. एसटी आणि रेल्वेत पेशंटला तिकिटाची सवलत आहे, फक्त फॉर्म वेळेत भरून घ्यावा लागतो. हे सगळं लोकांना पहिल्या दिवशी कळत नाही, तिसऱ्या महिन्यात कळतं. तोवर एक म्हैस विकलेली असते.

तीन. या अज्ञानावर जगणारे दलाल आहेत. "नंबर लावून देतो," "लवकर तारीख काढून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. मोबाइलवर फिरणारे मदतीचे फोटो बघून पैसे टाकण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात चौकशी करा. तिथं बसलेली माणसं याच कामासाठी असतात.

चार, आणि हे आपल्यासाठी. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे. मंडळाचं वार्षिक संमेलन असतं, पूजा असते, क्रिकेटची टुर्नामेंट असते, टी-शर्ट छापले जातात. माझा त्याला विरोध नाही, मीही खेळलोय. पण ज्या गावकीनं एकेकाळी दहा बाय बाराच्या खोलीत आजारी माणसाला भिंतीकडची जागा दिली, तिच्या मंडळांनी मिळून एक खोली घेता येणार नाही का? परळला परवडणार नाही, कबूल. खारघरला, पनवेलला बघू. दोन तालुक्यांतल्या मंडळांनी एका वर्षाच्या टी-शर्टचा पैसा बाजूला काढला तर भाड्याच्या दोन खोल्यांची सुरुवात होईल. आणि खोली होईपर्यंत निदान एक माणूस नेमा, ज्याचा नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीत लावलेला असेल. धर्मशाळेत जागा आहे का, फॉर्म कुठला, पहिल्या दिवशी कुठल्या खिडकीवर जायचं, एवढं सांगणारा.

याची सुरुवात म्हणून माझ्याकडं आजवर जमलेली माहिती, म्हणजे राहायच्या जागा, लागणारी कागदपत्रं, सवलतींचे फॉर्म, मी एका कागदावर उतरवतोय. ज्यांनी आपलं माणूस टाटाला नेलं होतं त्यांनी आपला अनुभव खाली लिहा. कुठं जागा मिळाली, काय अडलं, कुणी मदत केली. नाव नको असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. पेशंटचं नाव कुठंही येणार नाही. कागद तयार झाला की दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावू. मुंबईच्या मंडळवाल्यांनी फक्त एवढंच सांगा, पुढच्या मीटिंगला हा विषय घेताय का?